पाचव्या दिवसाचा परमाणू



दशलक्षण पर्व जवळ येऊ लागले की आपल्या घरांत दोन गोष्टी सुरू होतात. डबे घासूनपुसून उन्हात टाकणे आणि तत्त्वार्थसूत्राची पोथी कपाटातून बाहेर काढणे. मंदिरात रोज एक अध्याय वाचला जातो. दहा दिवस, दहा अध्याय. पाचव्या दिवशी पाचवा अध्याय येतो. त्यात अजीव द्रव्यांचे वर्णन आहे. पुद्गल, अणू, स्कंध, त्यांचा बंध हे सगळे तिथेच आहे. आणि सूत्रातला क्रम धरला तर दहा धर्मांपैकी पाचवा धर्म उत्तम सत्य. म्हणजे परमाणूचा अध्याय आणि सत्याचा दिवस एकत्र येतात. गेल्या वर्षापर्यंत हे माझ्या कधी लक्षातच आले नव्हते.

गेल्या वर्षी पाचव्या दिवशी महिला मंडळाने मला दहा मिनिटे बोलायला सांगितले. मोबाइलवर कुणीतरी पाठवलेला एक लेख माझ्याकडे होता, तो मी दोनदा वाचून पाठच केला होता. मी माइकवर म्हणाले, "आज शाळेत ज्याला प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन म्हणून शिकवतात, ते आपल्या आचार्यांनी स्निग्ध आणि रूक्ष या नावांनी पूर्वीच सांगून ठेवले आहे." टाळ्या पडल्या. मलाही बरे वाटले.

प्रसाद वाटप चालू असताना पाठशाळेतली एक मुलगी जवळ आली. दहावीत शिकते. अगदी हळू आवाजात म्हणाली, "आजी, एक विचारू? प्रोटॉन आणि प्रोटॉन एकमेकांना दूर ढकलतात. पण आम्हाला पाठशाळेत शिकवलंय की स्निग्धाचा स्निग्धाशीसुद्धा बंध होतो. मग ते दोन्ही एकच कसं?"

मी म्हटले, "बघून सांगते हं बाळा." दुसरे काय म्हणणार? मी वाणिज्य शाखेची. १९८१ साली सांगलीला बी.कॉम. झाले, त्यानंतर लग्न, मुंबई, मग भाईंदर. माझे विज्ञान दहावीलाच संपले. पण उत्तम सत्याच्या दिवशी मी न तपासता बोलले ही गोष्ट मनातून जाईना. म्हणून वर्षभर दुपारच्या वेळी मी हा एकच विषय वाचत बसले. नातवाची पुस्तके, वाचनालयातली पुस्तके, पोथी आणि तिची टीका. त्या मुलीचे उत्तर आज लिहिते आहे. तुम्हीही त्या दिवशी टाळ्या वाजवल्या होत्या, म्हणून ते तुमच्यासाठीही आहे.

आधी शब्दांचा घोळ

पहिला घोळ शब्दांचा आहे. आपल्या मराठी पुस्तकांत पदार्थाच्या सूक्ष्म कणाला 'अणू' म्हणतात आणि अणू एकत्र आले की 'रेणू'. हिंदी पुस्तकांत त्याच कणाला 'परमाणु' म्हणतात आणि जोडलेल्याला 'अणु'. आपल्या शास्त्रात अणू आणि परमाणू हे एकाच गोष्टीचे नाव आहे: ज्याचे आणखी तुकडे होऊच शकत नाहीत असा पुद्गलाचा शेवटचा अंश. परमाणू एकत्र आले की स्कंध. मंदिरात अणू हा शब्द ऐकला की शाळेतला अणू डोळ्यांपुढे येतो आणि तिथेच आपली गफलत होते.

शाळेतला अणू अभेद्य आहे असे विज्ञानालाही एके काळी वाटत होतेच. इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरात जॉन डाल्टन नावाचे एक शिक्षक होते, विणकराचे पुत्र. त्यांनी १८०८ साली पुस्तक लिहून मांडले की प्रत्येक मूलद्रव्य स्वतःच्या ठरावीक वजनाच्या अणूंचे बनलेले असते आणि हे अणू तुटत नाहीत. त्यासाठी इंग्रजीत जो शब्द घेतला, त्या ग्रीक शब्दाचा अर्थही 'न कापता येणारा' असाच आहे. पुढची जवळजवळ नव्वद वर्षे ही समजूत टिकली.

अणू फुटत गेला त्याची हकिगत

१८९७ साली केंब्रिजमध्ये जे. जे. थॉमसन यांना हवा काढून टाकलेल्या काचेच्या नळीत विजेचे किरण तपासताना एक कण सापडला. तो सगळ्यात हलक्या अणूपेक्षाही कितीतरी हलका होता. हायड्रोजनच्या अणूच्या साधारण अठराशेव्या भागाइतके त्याचे वजन. त्यावर ऋण विद्युतभार होता. हाच इलेक्ट्रॉन. म्हणजे अणूच्या आत काहीतरी आहे, तो अखंड नाही. थॉमसन यांनी अंदाज केला की अणू म्हणजे धनभाराचा एक गोळा आणि लाडवात बेदाणे रोवावेत तसे त्यात इलेक्ट्रॉन रोवलेले.

हा लाडू मोडला १९०९ ते १९११ या काळात, पुन्हा मँचेस्टरमध्येच. अर्नेस्ट रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत गायगर आणि वीस वर्षांचा विद्यार्थी मार्सडेन यांनी सोन्याच्या अतिशय पातळ पत्र्यावर वेगवान धनभारित कण सोडले. वर्ख म्हटला की तुम्हाला पातळपणा लगेच कळेल. तो कसा ठोकतात हे समजल्यापासून आपण मिठाईवर घेत नाही, पण पाहिलेला सगळ्यांनीच आहे. त्या पत्र्यातून बहुतेक कण सरळ आरपार गेले. हजारोंमध्ये एखादाच कण भिंतीवर आपटल्यासारखा मागे फिरला. अंधाऱ्या खोलीत बसून, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, पडद्यावर चमकणारे एकेक ठिणगीएवढे बिंदू त्यांनी मोजले.

त्यावरून १९११ साली रदरफोर्ड यांनी सांगितले की अणूचा सगळा धनभार आणि जवळजवळ सगळे वजन मधल्या एका इवल्याशा केंद्रकात आहे. बाकी सगळी मोकळी जागा आणि तिच्यात इलेक्ट्रॉन. किती इवलेसे? हायड्रोजनच्या अणूचे केंद्रक मोहरीच्या दाण्याएवढे धरले, तर अणूची कड त्या दाण्यापासून साधारण साठ मीटरवर येईल. आमच्या सोसायटीच्या फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंतही तेवढे अंतर नाही.

पुढे रदरफोर्ड यांनीच केंद्रकातला धनभारित कण ओळखला आणि १९२० साली त्याला प्रोटॉन हे नाव दिले. १९३२ साली जेम्स चॅडविक यांना केंद्रकातला दुसरा कण सापडला, ज्यावर कसलाच भार नाही. तो न्यूट्रॉन. शाळेतले चित्र इथे पूर्ण होते: मध्ये प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, भोवती इलेक्ट्रॉन.

मिठागरातला जमाखर्च

मला हिशेबाची भाषा कळते, म्हणून तीच वापरते. अणूमध्ये जेवढे प्रोटॉन तेवढेच इलेक्ट्रॉन. जमा तेवढी नावे. त्यामुळे एकूण शिल्लक शून्य आणि म्हणूनच आपण कशालाही हात लावला तरी झटका बसत नाही.

मूलद्रव्याची ओळख प्रोटॉनच्या संख्येवर ठरते. ७९ प्रोटॉन असले तर सोने. ८० असले तर पारा. एका प्रोटॉनचा फरक, पण एक तिजोरीत ठेवतो आणि दुसरा जुन्या तापमापकातून सांडला तर घाबरतो.

आपल्या भाईंदरची मिठागरे तुम्ही पाहिली असतील. आता पूर्वीइतकी राहिली नाहीत. मी लग्न होऊन नवी आले तेव्हा लोकलच्या खिडकीतून मिठाचे पांढरे ढीग दिसायचे. त्या मिठात दोन मूलद्रव्ये आहेत, सोडियम आणि क्लोरीन. सोडियमकडे ११ प्रोटॉन आणि ११ इलेक्ट्रॉन. त्यातला शेवटचा इलेक्ट्रॉन बाहेरच्या कक्षेत एकटाच असतो आणि सैल असतो. क्लोरीनकडे १७ आणि १७. त्याच्या बाहेरच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन, आठ व्हायला एक कमी. दोघे जवळ आले की सोडियमचा तो एक इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे जातो. सोडियमकडे आता प्रोटॉन ११ आणि इलेक्ट्रॉन १०, म्हणजे एक धन शिल्लक. क्लोरीनकडे १७ आणि १८, म्हणजे एक ऋण शिल्लक. धन आणि ऋण एकमेकांना ओढून धरतात आणि मिठाचा खडा तयार होतो. सोडियम एकटा असला तर पाण्यात पडताच भडकतो. क्लोरीन एकटा असला तर विषारी वायू. दोन्ही मिळून आपल्या आमटीतले मीठ.

इथवर वाचल्यावर मला वाटले, अरे, मग मी गेल्या वर्षी बोलले ते बरोबरच होते की. धन आणि ऋण म्हणजेच स्निग्ध आणि रूक्ष. पण त्या मुलीचा प्रश्न होताच. सारखे भार एकमेकांना ढकलतात. मग सोन्याच्या केंद्रकात ७९ प्रोटॉन, सगळे धन, एवढ्याशा जागेत एकमेकांना खेटून बसतात तरी कसे? ते तर क्षणात उधळून जायला हवेत.

हा प्रश्न तिच्या आधी जगातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांना पडलेला आहे. आणि त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग आपल्या मुंबईशी आणि एका बाईशी जोडलेला आहे. मला हे या वयात कळले.

केंद्रकाला धरून कोण ठेवते?

जपानमध्ये हिदेकी युकावा यांनी १९३५ साली सांगितले की केंद्रकाच्या आत विजेच्या ओढीपेक्षा वेगळे आणि तिच्यापेक्षा जोरदार असे एक बल असले पाहिजे. ते फार थोड्या अंतरापुरतेच चालते. आणि ते बल पोहोचवणारा एक कण असला पाहिजे, इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशे पट वजनाचा. इलेक्ट्रॉनपेक्षा जड, प्रोटॉनपेक्षा हलका, म्हणजे मधला. हा कण तोवर कुणी पाहिलेला नव्हता.

असे कण शोधायचे कुठे? आकाशातून पृथ्वीवर सतत अतिवेगवान कणांचा मारा होत असतो, त्याला वैश्विक किरण म्हणतात. हवेतल्या अणूंवर ते आदळले की नवे कण तयार होतात. १९३७च्या सुमाराला अमेरिकेत अशा किरणांत एक मधल्या वजनाचा कण सापडला आणि सगळ्यांना वाटले की युकावांचा कण मिळाला.

याच विषयावर त्या वेळी केंब्रिजमध्ये एक मुंबईकर तरुण काम करत होता, होमी भाभा. जन्म १९०९, मुंबई. या मधल्या कणाला तेव्हा लांबलचक नावे सुचवली जात होती. भाभांनी १९३९ साली लिहिले की ग्रीकमध्ये 'मेसो' म्हणजे मधला, तेव्हा 'मेसॉन' एवढेच पुरे. तेच नाव जगभर चालले. त्याच वर्षी ते सुट्टीवर भारतात आले असताना युरोपात युद्ध पेटले आणि ते इथेच राहिले. बंगळुरूला काही वर्षे काढल्यावर त्यांनी मार्च १९४४ मध्ये टाटांच्या विश्वस्त संस्थेला पत्र लिहून संशोधन संस्थेची मागणी केली. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. आधी बंगळुरूला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईत, पेडर रोडवरच्या केनिलवर्थ नावाच्या बंगल्याच्या अर्ध्या भागात. १९४९ साली ती गेट वे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली आणि १९६२ साली कुलाब्याच्या टोकाला समुद्राकाठी स्वतःच्या इमारतीत.

विभा चौधुरी

त्या संस्थेत १९४९ साली पहिली महिला संशोधक आली. तिचे नाव विभा चौधुरी. बंगालीत बिभा म्हणतात.

विभाताईंचा जन्म १९१३ साली कोलकात्याचा. १९३६ साली त्या कोलकाता विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्या, तेव्हा वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. नंतर बोस संस्थेत देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर काम करू लागल्या. हे जगदीशचंद्र बोस यांचे भाचे.

त्यांची पद्धत अशी होती. छायाचित्राच्या काचेच्या पट्ट्या डोंगरावर नेऊन ठेवायच्या. दार्जिलिंगला आणि त्याहून उंच, साडेतीन हजार मीटरवरच्या संदकफूला. महिनोन्महिने त्या तिथे राहू द्यायच्या. वैश्विक किरणांतला कण पट्टीतून गेला की त्याची वाट उमटते. मग पट्ट्या खाली आणून धुवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायचे. कुठे वाट सरळ आहे, कुठे वाकली आहे, ठिपके दाट आहेत की विरळ, हे मोजायचे. त्या मोजणीवरून कणाचे वजन काढायचे. पट्टीवर कण पकडण्याच्या या पद्धतीत व्हिएन्नाच्या मरिएटा ब्लाऊ या बाईंनी आधी मोठे काम केले होते. त्या ज्यू असल्यामुळे १९३८ साली त्यांना देश सोडून पळावे लागले.

हे वाचताना मला तांदूळ निवडणाऱ्या आपल्या आया-आज्या आठवल्या. चातुर्मासात सूप घेऊन उजेडाला बसायचे, एकेक दाणा डोळ्याखालून घालायचा, जीव दिसला तर हलकेच बाजूला करायचा. कंटाळा आला तरी नजर हलवायची नाही. विभाताईंनी हेच केले. फरक एवढाच की त्यांनी पाहिलेले प्रत्येक वेळी वहीत लिहून ठेवले आणि आकडा काढला.

बोस आणि चौधुरी यांचे निष्कर्ष १९४० पासून 'नेचर' या नामांकित नियतकालिकात छापून येऊ लागले. त्यांच्या पट्ट्यांवर इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशे पट वजनाच्या कणांच्या वाटा दिसल्या होत्या. पण युद्धामुळे चांगल्या प्रतीच्या पट्ट्या भारतात मिळेनात. हाती होत्या त्या पट्ट्यांवर याहून बारकाईने मोजता येत नव्हते. काम तिथे अडले.

१९४७ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये सेसिल पॉवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पद्धतीने, पण जास्त चांगल्या पट्ट्यांवर पाहिले. मधल्या वजनाचे कण एक नव्हे, दोन आहेत हे त्यांनी दाखवले. १९३७चा कण वेगळा होता, त्याला आज म्यूऑन म्हणतात. युकावांनी सांगितलेला, केंद्रकातल्या बलाशी नाते असलेला कण तो पायऑन. युकावांना १९४९ साली आणि पॉवेल यांना १९५० साली नोबेल मिळाले.

विभाताई १९४५ साली मँचेस्टरला गेल्या आणि पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी.चे काम केले. ब्लॅकेट यांनाही १९४८ साली नोबेल मिळाले. परत आल्यावर भाभांनी त्यांना मुंबईत घेतले. साधारण आठ वर्षे त्या इथे होत्या. पुढे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेशी त्यांचा संबंध आला, जी आपल्या जैन घराण्यातल्या विक्रम साराभाई यांनी १९४७ साली सुरू केली. कोलारच्या सोन्याच्या खाणीत जमिनीच्या खोल पोटात वैश्विक किरण मोजण्याच्या प्रयोगांतही त्या होत्या. १९९१ साली त्या कोलकात्यात वारल्या. त्यांना एकही मोठा राष्ट्रीय सन्मान मिळाला नाही. २०१८ साली त्यांचे चरित्र निघाले, २०१९ साली एका ताऱ्याला 'बिभा' हे नाव देण्यात आले, तेव्हा कुठे लोक विचारू लागले की ह्या कोण?

मैत्रिणींनो, मी १९८० नंतर कितीतरी वेळा गेट वेला गेले आहे. पाहुणे आले की दाखवायचे ठिकाण ते. जुन्या यॉट क्लबच्या त्या इमारतीसमोरून गेले असेन. केंद्रकाच्या आतल्या कोड्यावर काम केलेली बाई तिथे बसत होती हे कुणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. पण मोबाइलवर आलेली, कुणी लिहिली हेही ठाऊक नसलेली चार वाक्ये मात्र माइकवरून बोलून मोकळी झाले.

मग आपले शास्त्र काय सांगते?

आता पोथीकडे येते. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्र इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत रचले. त्यावरची पूज्यपाद आचार्यांची सर्वार्थसिद्धी टीका मी अर्थासह वाचली. मला समजले ते साध्या शब्दांत सांगते. चुकले तर जाणत्यांनी सांगावे.

एक. पुद्गल दोन रूपांत असते, अणू आणि स्कंध. स्कंध तुटण्याने आणि जुळण्याने बनतात. अणू मात्र फक्त तुटण्याने हाती लागतो, म्हणजे तोडत तोडत जिथे आणखी तुटत नाही तिथे अणू. या व्याख्येने पाहिले तर शाळेतला अणू हा अणू नव्हेच. तो फुटतो. आपल्या लोकलच्याच लाइनवर, विरार-पालघरच्या पुढे बोईसरजवळ तारापूर आहे. तिथे १९६९ पासून युरेनियमचे केंद्रक फोडून वीज तयार होते. ज्याला आपण अणुवीज म्हणतो ती शास्त्राच्या भाषेत स्कंधाच्या भेदातून आलेली वीज आहे. प्रोटॉन आणि न्यूट्रॉनही अखंड नाहीत. त्यांच्या आत क्वार्क असतात असे १९६४ साली मांडले गेले आणि त्यानंतर काही वर्षांतच प्रयोगांतून तसे पुरावे मिळाले. म्हणजे प्रोटॉनसुद्धा स्कंधच. इलेक्ट्रॉन मात्र अजून कुणाला फोडता आलेला नाही.

दोन. स्निग्ध आणि रूक्ष हे परमाणूचे स्पर्शगुण आहेत आणि त्यांना कमी-जास्त अंश आहेत. सगळ्यात कमी अंश असला तर बंध होत नाही. दोन अंशांचा फरक असला तर होतो. आणि आपल्या परंपरेतल्या टीकेप्रमाणे तो स्निग्धाचा रूक्षाशी होतो, तसाच स्निग्धाचा स्निग्धाशी आणि रूक्षाचा रूक्षाशीही होतो. विजेत असा नियम नाही. तिथे धन आणि धन कधीच एकमेकांना ओढत नाहीत. त्या मुलीने नेमके हेच बोट ठेवले होते. पूज्यपादांनी स्निग्ध-रूक्षामुळे होणाऱ्या नैसर्गिक बंधाच्या उदाहरणांत वीज घेतली आहे हे खरे आहे, आणि मोबाइलवरचे लेख तेवढेच उचलतात. पण त्याच ओळीत उल्का, अग्नी आणि इंद्रधनुष्यही आहे.

तीन. आपल्या परमाणूला एक रंग, एक गंध, एक रस आणि दोन स्पर्श असतात. इलेक्ट्रॉनला रंग नाही की वास नाही. त्याची ओळख वजन, विद्युतभार अशा मोजता येणाऱ्या गोष्टींवर आहे.

मग दोन्हींत साम्य काहीच नाही का? आहे. डोळ्यांना अखंड दिसणारी वस्तू अतिसूक्ष्म अंशांची बनलेली असते, ते अंश जुळतात आणि विलग होतात, आणि जुळण्याला काही नियम असतो, हा विचार आपल्या आचार्यांनी इतक्या पूर्वी इतक्या बारकाईने केला. त्यात अंशांचा हिशेब आहे, अपवाद आहेत. याचा अभिमान मला आजही आहे, उलट पोथी नीट वाचल्यावर तो वाढला. पण त्यांचा हेतू प्रयोगशाळेचा नव्हता. जीव कोणता आणि अजीव कोणता हे कळावे, देह पुद्गलाचा आहे आणि मी तो नाही हे कळावे, यासाठी तो अध्याय आहे. त्याला प्रोटॉनच्या प्रशस्तिपत्राची गरज नाही. उद्या विज्ञानाने आपले मत बदलले, जसे डाल्टनच्या अणूचे बदलले, तर आपण सूत्राचा अर्थही बदलणार का?

आपल्यातलेच एक मोठे भौतिकशास्त्रज्ञ होते, दौलतसिंह कोठारी. उदयपूरचे, जन्म १९०६. केंब्रिजला रदरफोर्ड यांच्याच प्रयोगशाळेत शिकून आले आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. त्यांनी स्याद्वाद आणि आधुनिक भौतिकशास्त्र यांवर लिहिले आहे. दोन्ही शिकून, दोन्ही शेजारी ठेवून बघायचे हा त्यांचा मार्ग होता. मी त्यातले काहीच न शिकता एकावर दुसऱ्याचे लेबल चिकटवले होते.

तर बाळा, तुझे उत्तर

स्निग्ध आणि रूक्ष म्हणजे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन नव्हेत. तू बरोबर होतीस, आजी चुकली. प्रोटॉन एकमेकांना ढकलतात हेही तुझे बरोबर. तरी ते केंद्रकात एकत्र राहतात, कारण तिथे विजेपेक्षा जोरदार असे वेगळे बल आहे. ते बल पोहोचवणाऱ्या कणाच्या शोधात ज्यांनी आयुष्य घातले त्यांत विभा चौधुरी नावाची एक बाई होती आणि ती काही वर्षे आपल्या मुंबईत काम करत होती. तू सायन्सला जाणार आहेस असे तुझी आई म्हणाली. पोथी सोडू नकोस आणि प्रश्न विचारणेही सोडू नकोस. मात्र दुसऱ्या वेळी एवढ्या हळू विचारू नकोस. माइकवर ये.

यंदाही पाचव्या दिवशी बोलायला उभी राहण्याची परवानगी मी मंडळाकडे मागितली आहे. दहा मिनिटे नकोत, दोन पुरेत. जे माइकवरून चुकीचे सांगितले ते माइकवरूनच दुरुस्त करायचे आहे.

क्षमावाणीला अजून अवकाश आहे. पण एवढी एक क्षमा आधीच मागून ठेवते. उत्तम क्षमा.